जेवणाचा अर्धा तास नेमका कोणाचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात कंत्राटी ऑपरेटर म्हणून काम. पहिली पाळी सकाळी सात ते दुपारी साडेतीन, आठवड्याला सहा दिवस. पगार आठ तासांचा, जेवणाचा अर्धा तास पंचिंग मशीन आपोआप वजा करतं. लाइन मात्र थांबत नाही. चौदा मशीनना मिळून एकच रिलीव्हर, म्हणजे जेवायला सोडणारा बदली माणूस, आहे, त्यामुळे आठवड्यातले चार दिवस डबा मशीनशेजारीच उघडावा लागतो, एक हात डब्यात आणि एक डोळा मशीनवर. एचआरला विचारलं तर उत्तर मिळतं, "लंच ब्रेक अनपेडच असतो, कायदाच आहे तसा." हे खरं आहे का, आणि गेलेले पैसे मागता येतात का?

एचआरचं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि तुमचा सगळा वाद उरलेल्या अर्ध्यात आहे.

पुण्यातल्या कारखान्यांचं कामकाज ज्या कायद्यावर उभं राहिलं त्या १९४८ च्या कारखाने अधिनियमातलं (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा नव्या संहितेने घेतली, मागच्या थकबाकीला मात्र हाच लागतो; ते पुढे येईल) कलम ५५ सांगतं की कोणत्याही कामगाराला सलग पाच तासांपेक्षा जास्त काम देता येणार नाही. त्याआधी किमान अर्ध्या तासाची विश्रांती मिळालीच पाहिजे. कलम ५१ आणि ५४ म्हणतात आठवड्याला ४८ तास, दिवसाला ९ तास. कलम ५६ म्हणतं की विश्रांती धरून हजेरीचा एकूण पसारा, म्हणजे आपण ज्याला स्प्रेड-ओव्हर म्हणतो तो, साडेदहा तासांवर जाऊ नये. त्या अर्ध्या तासाचा पगार द्यायचा की नाही, यावर मात्र कलम ५५ काहीच बोलत नाही. म्हणून खरी सुट्टी दिली असेल तर तिचा पगार न देणं बेकायदा नाही. एचआरचं इथपर्यंत बरोबर आहे.

कायद्याला जेव्हा एखाद्या खंडाचा पगार द्यायचा असतो तेव्हा तो तसं स्पष्ट सांगतो. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत आईला दूध पाजण्यासाठी रोज दोन खंड मिळत असत, तेही जेवणाच्या सुट्टीशिवाय वेगळे, आणि त्यापोटी पगार कापू नये असं त्यात लिहिलेलं होतं. जेवणाच्या सुट्टीबाबत असं वाक्य नाही. तेव्हा "सुट्टीचा पगार द्या" या मागणीवर तुम्ही उभे राहिलात तर पहिल्याच फेरीत हराल.

तुमची मागणी वेगळी हवी: सुट्टी मिळालीच नाही, त्या वेळात मी काम केलं, त्या कामाचा पगार द्या.

हा फरक मला पुस्तकातून कळलेला नाही. मी नोकरीला लागलो तो भोसरीतल्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसमध्ये. तेव्हा कार्डावर ठसा उमटायचा आणि महिनाअखेरीला मी प्रत्येक कार्डावरून अर्धा-अर्धा तास वजा करायचो. कोण जेवायला उठला, कोण नाही, हे विचारायची पद्धतच नव्हती. प्रेस शॉपमधल्या एका ऑपरेटरने एके दिवशी खिशातली छोटी वही माझ्या टेबलावर ठेवली. सहा महिन्यांच्या तारखा, प्रत्येक तारखेपुढे "रिलीव्हर आला" किंवा "आला नाही". बस्स, एवढंच. त्या वहीला उत्तर देण्यासारखा एकही कागद आमच्याकडे नव्हता. व्यवस्थापनाला शेवटी पैसेही द्यावे लागले आणि दुसरा रिलीव्हरही लावावा लागला. मी इतके महिने न बघता ज्यावर काट मारत होतो ते एका माणसाचं काम होतं, हे मला त्या दिवशी समजलं. पुढे कामगार कायद्याच्या सल्ल्याचं काम सुरू केल्यावर कामगार आला की मी आधी वहीबद्दल विचारतो, आणि मालक आला की आधी रिलीव्हर किती आहेत ते विचारतो.

आता कसोटीकडे येऊ. सुट्टी खरी की कागदावरची, हे कसं ठरवायचं? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९३० च्या व्यापार आणि कार्यालयांसाठीच्या करारात कामाच्या तासांची व्याख्या आहे: माणूस मालकाच्या हुकमतीत असतो तो वेळ म्हणजे काम, ज्या विश्रांतीत तो हुकमतीत नसतो ती त्यात धरायची नाही. माझ्या अनुभवात आपल्याकडचे वादही शेवटी याच प्रश्नावर येऊन थांबतात. त्या अर्ध्या तासात तुम्ही मशीनला पाठ करू शकता का? लाल दिवा लागला तर धावायचं कोणी? पार्ट रिजेक्ट झाला तर बोलणी कोण खाणार? उत्तर "मीच" असेल, तर तुम्ही हातात भाकरी घेऊन काम करत होता. कंपनीच्या आवाराबाहेर जाऊ दिलं नाही एवढ्यावरून मात्र सुट्टी खोटी ठरत नाही. गेटच्या आत, कँटीनमध्ये, पण कामातून पूर्ण मोकळं, ही सुट्टीच आहे. कँटीन लांब आहे, रांगेत पंधरा मिनिटं जातात, ही तक्रार रास्त आहे. पण ती सोयीची तक्रार आहे, ओव्हरटाइमची नव्हे. दोन्ही एका अर्जात मिसळू नका.

तुमच्या प्रश्नातली सगळ्यात मोलाची गोष्ट तुम्ही ओझरती लिहिली आहे: चौदा मशीन, एक रिलीव्हर. पाळी सातला सुरू होते, म्हणजे पाच तासांच्या नियमाने प्रत्येकाची सुट्टी बाराच्या आत सुरू व्हायला हवी. दहाच्या आधी कोणी जेवत नाही. म्हणजे दहा, साडेदहा, अकरा, साडेअकरा, बारा अशा पाचच खेपा होतात. एक रिलीव्हर पाच जणांना सोडू शकतो, चौदा जणांना नाही. लाइन चालू ठेवून उरलेल्या नऊ जणांना सुट्टी दिली असं कंपनी कितीही सांगो, तिच्याच मनुष्यबळात ते बसत नाही. साक्षीदार फिरतात, हा आकडा फिरत नाही. अर्जात तो पहिल्या परिच्छेदात घाला.

पुरावा तुमच्या बाजूचा का हवा, तेही समजून घ्या. कारखाने अधिनियमातलं कलम १०३ कामगाराच्या बाजूने एक गृहीतक धरतं: यंत्रं चालू असताना कारखान्यात सापडलेला माणूस कामावरच होता असं मानायचं, उलट सिद्ध होईपर्यंत. पण त्यातून जेवणाच्या आणि विश्रांतीच्या वेळा वगळल्या आहेत. म्हणजे नेमक्या त्या अर्ध्या तासात हे छत्र तुमच्या डोक्यावर नाही आणि काम केल्याचं तुम्हालाच दाखवावं लागतं. दाखवायला साधनं भरपूर असतात. लाइनच्या टोकाला तासागणिक उत्पादनाचा बोर्ड असतो ना? साडेअकरा ते बाराच्या रकान्यात आकडा नेहमीइतकाच असेल, तर मशीन कोणीतरी चालवलंच. कँटीनच्या कार्डावर ज्या दिवशी पंच नाही, तो दिवस तुम्ही कँटीनला गेला नाहीत. सुपरवायझरचा "लंच नंतर घे, लोड जास्त आहे" असा व्हॉट्सअॅपवरचा निरोप खोडू नका. कारखान्यात फोटो काढायला बंदी असेल तर मोडू नका, तेवढं निमित्त करून गेट बंद करतील. वही पुरते. रोज, त्याच दिवशी, त्याच पेनाने.

आणखी एक कलम बहुतेक कामगारांना माहीत नसतं. कारखाने अधिनियमाप्रमाणे दीडशेपेक्षा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात जेवणाची खोली द्यावी लागायची (कलम ४७), आणि अशी खोली असेल तर कामाच्या जागी कोणी काही खायचं नाही, असं तेच कलम सांगायचं. हे तुमच्या आरोग्यासाठी आहे. कूलंट आणि धातूचा कीस असलेल्या जागी डबा उघडणं वाईटच. पण त्याचा दुसरा अर्थ असा की तुम्हाला मशीनशेजारी जेवायला लावणारा सुपरवायझर एकाच वेळी दोन नियम मोडतो. त्याच कायद्यात अडीचशेच्या वर कामगार असतील तर कँटीनही सक्तीचं होतं, आणि ती मोजणी करताना कंत्राटी कामगार वगळायचे नसत.

आता पैशांचं बघू. समजा ओव्हरटाइमसाठी धरायचा पगार महिना २०,८०० रुपये आहे. त्यात मूळ पगार आणि भत्ते येतात, बोनस येत नाही. २६ दिवसांनी भागा, दिवसाला ८००. आठ तासांनी भागा, तासाला १००. आठवड्यात चार वेळा अर्धा तास म्हणजे दोन तास. तुमचे ४८ तास आधीच पूर्ण भरलेले असल्याने हे दोन तास ४८ च्या वर जातात, आणि त्यांना कलम ५९ प्रमाणे दुप्पट दर लागतो. आठवड्याला ४०० रुपये. वर्षाचे ५२ आठवडे धरले तर २०,८०० रुपये, म्हणजे एक पूर्ण पगार. ज्या आठवड्यात सण किंवा रजा आली आणि तास ४८ च्या आत राहिले, तिथे दुप्पट मागू नका, साधा दर मागा. प्रामाणिक हिशोबाला अधिकारी जास्त मान देतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

पाच दिवसांचा आठवडा असलेल्यांचा हिशोब वेगळा पडतो. साडेआठ तास गुणिले पाच म्हणजे साडेबेचाळीस, ४८ ला हात लागत नाही. तिथे बुडालेल्या अर्ध्या तासाचा साधा पगार मिळेल, कायद्याने ओव्हरटाइम नाही, मात्र नेमणूक पत्रात किंवा करारात वेगळं लिहिलं असेल तर तेच धरायचं.

काही ठिकाणी कामगारच म्हणतात, "आम्ही जेवत नाही, अर्धा तास आधी सोडा." मनापासून सांगतो, ही सवलत घेऊ नका. पाच तासांच्या आत विश्रांती हा नियम थकलेल्या हाताने होणारे अपघात टाळण्यासाठी आहे. पाळीच्या शेवटी दिलेला अर्धा तास त्यात मोजला जात नाही, आणि चहाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन तुकडे जोडूनही ती अर्ध्या तासाची सुट्टी होत नाही. प्रेसवर गेलेलं बोट परत येत नाही.

या अर्ध्या तासामागे मोठी लढाई आहे, आणि तिचा एक धागा पुण्याला जोडलेला आहे. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे यांनी, पुण्यात १८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांनी सुरू केलेलं 'दीनबंधू' मुंबईत नेऊन चालवलं, आणि १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या मागण्या सरकारी आयोगापुढे ठेवल्या. रविवारची सुट्टी सगळ्यांना आठवते. पण त्याच निवेदनात दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी हीही मागणी होती. १८९१ च्या कायद्यात दुपारचा तो अर्धा तास आला. त्यासाठी हजारो गिरणी कामगारांनी सह्या आणि अंगठे दिले होते. म्हणून मशीनशेजारी उघडलेल्या डब्याकडे मला किरकोळ गैरसोय म्हणून बघता येत नाही.

पिंपरी-चिंचवडच्या जुन्या कारखान्यांत उलट्या दिशेचा वाद होतो. तिथे वर्षानुवर्षं आठ तासांच्या पाळीत जेवणाचा अर्धा तास धरलेला, म्हणजे पगारी. मग नवं व्यवस्थापन येतं, पाळी साडेआठ तासांची करतं आणि म्हणतं, कायद्याने आम्हाला परवानगी आहे. असं एकतर्फी करता येत नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत "कामाचे तास आणि विश्रांतीच्या वेळा" ही बाब नावानिशी होती, आणि तिच्यात बदल करायचा तर कलम ९-अ प्रमाणे एकवीस दिवसांची नोटीस द्यावी लागायची; नोव्हेंबर २०२५ पासून हाच नियम औद्योगिक संबंध संहितेत आहे. वेतन करारातच पगारी सुट्टी लिहिलेली असेल तर करार मोडणं ही महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याप्रमाणे अनुचित कामगार प्रथा ठरते. तिथे तक्रारीची मुदत नव्वद दिवसांची आहे. नव्वद दिवस युनियनच्या बैठकांमध्येच संपलेले मी पाहिले आहेत.

दुकानांतल्या कामगारांसाठीही दोन शब्द, कारण पुण्यातली दुपारची सुट्टी ही खास बाब आहे. लक्ष्मी रस्त्यावरचं एखादं दुकान सकाळी साडेनऊ ते एक आणि चार ते साडेआठ चालतं असं धरा. काम आठ तासांचं, मधले तीन तास बिनपगारी. पण साडेनऊ ते साडेआठ हा पसारा अकरा तासांचा झाला, आणि २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने कायद्याने मूळ घातलेली मर्यादा साडेदहा तासांची होती. खंडित स्वरूपाच्या किंवा तातडीच्या कामालाच बारा तासांपर्यंत सूट. धायरीहून किंवा लोहगावहून येणारा सेल्समन दुपारी घरी जाऊन येऊ शकत नाही, तो दुकानातच पथारी टाकतो. झोपू दिलं तर ती सुट्टी. शटर खाली ओढून साड्यांच्या घड्या घालायला, स्टॉक मोजायला लावलं तर ते काम, आणि त्याचे पैसे. हा कायदा मुळात दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी होता, तेव्हा आधी डोकी मोजा.

गेटवर एकट्याने बारा तास उभ्या असलेल्या सुरक्षा रक्षकाला तर सुट्टी नसतेच. बॅरिअर सोडून तो जेवायला जाणार कुठे? जिथे जागा सोडताच येत नाही, तिथे जेवणाचा वेळ पगारातच धरला पाहिजे. सलग चालणाऱ्या भट्ट्या आणि बॉयलरवर बरेच समजूतदार कारखाने तसंच करतात: आठ तासांची पाळी, जागेवर जेवण, पूर्ण पगार.

हिंजवडीतून अमेरिकन ग्राहकांसाठी रात्रपाळी करणारी मुलं विचारतात की कॅलिफोर्नियात जेवणाची सुट्टी चुकली तर एक तासाचा जादा पगार मिळतो, तो आम्हाला का नाही? कॅलिफोर्नियात तसा नियम आहे, खरं आहे. पण काम जिथे बसून करता तिथला कायदा लागतो. अमेरिकेचा केंद्रीय कायदा तर प्रौढांना जेवणाची सुट्टी सक्तीने देतही नाही; तो एवढंच सांगतो की सुट्टी बिनपगारी ठरवायची तर माणूस कामातून पूर्ण मोकळा हवा. मोकळेपणाची कसोटी तिथेही तीच निघते.

नव्या बदलांचं सांगायला हवं. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांत दिवसाची मर्यादा नऊवरून बारा तास, विश्रांती पाचऐवजी सहा तासांनी, आणि दुकानांत नऊवरून दहा तास असे बदल मंजूर केले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि कारखाने अधिनियमाची जागा त्यांतल्या एकीने घेतली. तिच्यात दिवसाला आठ तास लिहिलेले आहेत, विश्रांतीचे आकडे सरकारी अधिसूचनेवर सोडले आहेत. म्हणून गेटवर लावलेली कामाच्या वेळांची नोटीस आज पुन्हा वाचा. ती बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत लावण्याची पद्धत कायद्याने घालून दिलेली आहे. चाकणला ती मराठीबरोबर हिंदीतही असावी. मागच्या काळातल्या थकबाकीला मात्र त्या-त्या वेळचा कायदा लागतो. जुन्या वेतन प्रदान कायद्यात दावा बारा महिन्यांत करायचा होता, नव्या वेतन संहितेत तीन वर्षांची मुदत आहे. ओव्हरटाइमचा दुप्पट दर संहितेतही कायम आहे.

तुम्ही कंत्राटी आहात, तेव्हा एकट्याने पुढे होऊ नका. चौदापैकी सहा-सात जणांनी सह्या करा. अर्ज कंत्राटदाराला द्या आणि प्रत कंपनीच्या एचआरला. कंत्राटदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर, म्हणजे कंपनीवर, येते, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून चालत आलं आहे. पोच घेतल्याशिवाय कागद सोडू नका. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. पंधरा दिवस वाट पाहा. मग सुट्टी न मिळण्याची तक्रार औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे आणि पैशांची वाकडेवाडीच्या कामगार आयुक्तालयात. दोन कार्यालयं, दोन वेगळे कागद.

अर्जात रागाचं एकही वाक्य नको. एवढं लिहा: "आमच्या लाइनवर चौदा मशीन व एक रिलीव्हर आहे. सोबत जोडलेल्या तारखांना आम्हाला जेवणाच्या सुट्टीत कामातून मोकळं करण्यात आलं नाही, तरी अर्धा तास वजा केला गेला. या तारखांचा कामाचा मोबदला मिळावा, व पुढे प्रत्येक पाळीत पुरेसे रिलीव्हर नेमून सुट्टी प्रत्यक्ष देण्यात यावी." खाली तारखांची यादी, प्रत्येकाची सही, आणि वहीची झेरॉक्स. मूळ वही कोणाच्याही हातात देऊ नका.